ताईचा आवाज, सगळीकडून

पाचव्यांदा ताईचा आवाज फाटला तेव्हा भोंगामामाने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि समोरच्या मशीनला विचारलं, "अरे नालायका, तुझं माझं काय वैर आहे ते एकदाचं सांगून टाक ना!"

मामाचा हा जुना शिरस्ता. मशीन नीट चालत असलं की "अहो", "या", "बसा", "वा, काय झकास वाजताय!" बिघडलं की तेच मशीन एका क्षणात नालायक, कर्मदरिद्री आणि गाढव. गेले नऊ दिवस त्याच्या खोलीतून एकही "अहो" ऐकू आला नव्हता.

भोंगा हे नाव ताईनेच ठेवलेलं. तो पाळण्यात होता, ती पाच वर्षांची. तो रडायला लागला की ती कानांवर हात दाबून म्हणायची, "आई, भोंगा बंद कर!" भोंगा काही बंद झाला नाही. छप्पन्न वर्षं झाली, अजून चालू आहे. मामा कानात गुपित सांगायला लागला तर शेजारचे त्यांच्या खिडकीतून "हो का?" म्हणतात. सोळाव्या वर्षी तो लाउडस्पीकर भाड्याने देणाऱ्या दुकानात लागला. आधी कर्णे खांद्यावरून वाहिले, मग वायरी गुंडाळल्या, मग बोटं भाजून घेत वायरींना सोल्डरचे डाग द्यायला शिकला. पुढे नाट्यगृहात साउंडवाला म्हणून चिकटला, त्याला आता एकतीस वर्षं झाली. स्टेजच्या समोर, सगळ्यात मागे, बारा पायऱ्यांची लोखंडी शिडी चढून जायची एक खोली. तिला एकच खिडकी, आणि त्या खिडकीतून त्याने जगातले सगळे मानकरी नुसते पाठीमागून किंवा टकलावरून पाहिलेले.

कुठल्याही खोलीत शिरला की तो एक टाळी वाजवतो. आवाज कसा घुमतो ते बघायला. एकदा पाठ दुखते म्हणून डॉक्टरांकडे गेला, दारातच फाटकन टाळी वाजवली. डॉक्टर म्हणाले, "थँक यू, पण मी अजून काहीच केलं नाहीये."

अशा माणसाला गाणं मिक्स करता येत नाही म्हटलं तर किती झोंबेल? आणि तेही ताईचं.

ताई सव्वीस वर्षं एका गायकवृंदात गायची. चाळीस बायका, एकसारख्या निळ्या शाली, आणि शेवटच्या गाण्यातलं शेवटचं कडवं ताईचं एकटीचं. "दिसे पल्याड किनारा" ही त्यातली शेवटची ओळ. दीड वर्षापूर्वी तिथे कार्यक्रम झाला आणि महिन्याने तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्रावर गाठ होती. गाठ गेली, तिच्याबरोबर आवाजही गेला. आता ती बोलते ते कागदावर कागद घासल्यासारखं. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला ओठ मिटून "म्म्म" करायला सांगितलेलं, दिवसातून तीनदा, वीस वीस वेळा. फ्रीजवर तक्ता चिकटवलेला होता आणि ताई शाळेतल्या मॉनिटरसारखी त्यात रोज बरोबरच्या खुणा करायची.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तिने कधी मागितलं नव्हतं. मामानेही विषय काढला नाही. पण नऊ दिवसांपूर्वी, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, ती आपणहून म्हणाली, "भोंग्या, ते शेवटचं गाणं ऐकव."

आता गोम अशी, की ते रेकॉर्डिंग होतं सहा स्पीकरांचं. नाट्यगृहाने त्या वर्षी नवं सराउंड बसवलेलं. समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि जमिनीवर एक जाडा खोका, नुसता धडधड करायला. आणि ताईच्या घरी होते तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे भावजींच्या, तरुणपणचे दोन लाकडी स्पीकर. म्हणजे सहा जणांचं सामान दोन पिशव्यांत कोंबायचं. मामाला त्यात काय? डाव्या हातचा मळ! त्याने खोलीत जाऊन वीस मिनिटांत सहाचे दोन केले आणि आणून लावलं.

चाळीस बायका गायल्या. काय गायल्या! भावजींनी डोळे मिटले. मग त्या थांबल्या, ताईचं कडवं सुरू झालं, आणि पहिल्याच उंच सुराला खर्रर्र! जुना पडदा टराटरा फाडावा तसा आवाज. पुढच्या ओळीला पुन्हा खर्रर्र. "किनारा"ला तर विचारूच नका.

ताई उठली. कपबशी उचलून ओट्यावर ठेवली. "कळलं," ती म्हणाली.

"काय कळलं?"

"आवाज त्या दिवशीच गेला होता. ऑपरेशनने नाही गेला. मी फाटक्या गळ्याने गायले, आणि तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात."

"अगं ताई, मी होतो ना तिथे! लख्ख लागला होता तुझा आवाज!"

"तू काय, तू माझा भाऊ. तू लख्खच म्हणणार."

त्या संध्याकाळपासून फ्रीजवरच्या तक्त्यावर एकही खूण झाली नाही. भाचीने, म्हणजे ताईच्या मुलीने, विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "नव्हतंच ते परत काय आणायचं?"

मामाचे नऊ दिवस ते असे सुरू झाले.

पहिले पुढे सरसावले भावजी. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून ते निवृत्त झालेले. जगातली प्रत्येक गोष्ट वर जाते, खाली येते किंवा मध्येच अडकते, यापलीकडे चौथी शक्यता त्यांना मान्य नाही. आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात ठरलेली.

"मूळ मुद्दा काय, वायर बदल."

"भावजी, वायर चांगली आहे."

"मूळ मुद्दा काय, चांगलीच वायर दगा देते. वाईट वायरवर आपलं लक्ष असतं."

बदलली वायर. खर्रर्र. मग भावजी म्हणाले, मूळ मुद्दा काय, स्पीकरचा पडदा. मामाने आपल्या घरचे स्पीकर आणले. खर्रर्र. मग मूळ मुद्दा भिंतीत गेला, तिथून विजेच्या बटणात, तिथून सरळ महापालिकेत. एक माणूस आणि इतके मूळ मुद्दे!

भाची दातांच्या दवाखान्यात कामाला. तिथल्या वेटिंग रूममधले स्पीकर नवे कोरे. तिने तिथे लावून बघितलं. संध्याकाळी येऊन म्हणाली, "मामा, फाटतंय. एक आजोबा दाढ न काढताच उठून गेले. म्हणाले, आत काय चाललंय ते ऐकलं, पुढच्या आठवड्यात येतो."

मग मामाने सहाचे दोन करणाऱ्या त्या प्रोग्रामच्या मदतकेंद्राला फोन लावला. अकरा मिनिटं पियानो ऐकला. शेवटी एक गोड आवाज आला, साखरेच्या पाकातून काढलेला.

"नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

"आवाज फाटतोय!"

"आपला आवाज मला अगदी व्यवस्थित ऐकू येतोय सर. थोडा जास्तच येतोय."

"माझा नाही हो! ताईचा!"

"ताईंना फोन देता का सर?"

मामाने फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे असं बघितलं, जसं चावलेल्या कुत्र्याकडे बघतात. पाकातला आवाज पुढे म्हणाला, "सर, आपण एकदा बंद करून परत चालू करून बघितलंत का?" मामाने बंद केलं. फोन.

नाट्यगृहाच्या मॅनेजरला विचारलं, तर ते नेहमीप्रमाणे पान उलटत म्हणाले, "होऊन जाईल." छप्पर गळालं तेव्हाही होऊन जाईल, नायक आलाच नाही तेव्हाही होऊन जाईल. मामा म्हणाला, "साहेब, कसं होऊन जाईल?" मॅनेजर म्हणाले, "ते तुम्ही बघा. होऊन जाईल."

मामाचा स्वतःचा उपाय एकच, आणि एकतीस वर्षं कधी न चुकलेला. मीटरची पट्टी लाल झाली की मिक्सरवरची शेवटची सरकती दांडी खाली ओढायची, हिरवी होईपर्यंत. सगळा आवाज जिथून बाहेर पडतो ती ही दांडी. त्याने ती ओढली. मीटर हिरवंगार. ताईला ऐकवलं.

ताईने शांतपणे ऐकून घेतलं. "आता हळू फाटतोय," ती म्हणाली.

मामाने आणखी खाली ओढली.

"आता शेजारच्या घरात फाटतोय."

"ताई!"

"ओरडू नकोस. फाटलेलं कापड घडी करून ठेवलं म्हणून शिवलं जात नाही, भोंग्या. सोडून दे. माझं मी समजून घेतलंय."

आणि ती भाजी निवडत बसली, तीही इतक्या नेटाने, जणू काही त्या भाजीनेच तिच्याशी खोटं बोलायला सुरुवात केली होती.

त्याच दिवशी भाचीने तो प्रश्न विचारला. चपला काढता काढता, सहज. "मामा, बाकीच्या एकोणचाळीस जणी का नाही फाटत? आईच का फाटते?"

भावजींना मूळ मुद्दा सापडेना. ताईने भाजीतून मान वर केली आणि म्हणाली, "घे! तेच तर मी नऊ दिवस म्हणतेय."

मामाच्या डोक्याची शीर ताडताड उडायला लागली. भाची म्हणाली, "अरे, मी तुझ्या बाजूने विचारलं!" मामा म्हणाला, "माझ्या बाजूची माणसं अशी असतील तर मला शत्रूच द्या!" आणि छत्री विसरून तरातरा नाट्यगृहाकडे निघाला. रस्ताभर स्वतःशी बडबडत. त्याचं स्वतःशी बडबडणं म्हणजे दोन्ही फुटपाथांना जाहीर निवेदन. "एकटीच फाटते म्हणे! वायर फाटली तर सगळ्या फाटतील. स्पीकर फाटला तर सगळ्या फाटतील. मशीन फाटलं तर..." आणि तो भर रस्त्यात थांबला. मागून येणारा सायकलवाला ओरडला, "काका, ब्रेक लागल्यावर दिवा तरी लावा!"

वायरीचा दोष नाही, स्पीकरचा नाही, मशीनचा नाही. मग दोन वाटा उरतात. एक, ताईचं खरं मानणं. दुसरी, सहाही स्पीकरांना वेगवेगळं बसवून एकेकाची जबानी घेणं. हे त्याने नऊ दिवसांत केलंच नव्हतं. का? तर एकतीस वर्षांचा अनुभव! मिसळलेली भाजी चाखून मीठ सांगणारा माणूस, तो मिठाचा डबा कशाला उघडून बघेल?

बारा पायऱ्या चढून मामा खोलीत गेला. टाळीसुद्धा वाजवली नाही. सहामधले पाच बंद केले, मधला स्पीकर तेवढा चालू ठेवला. ताईचं कडवं लावलं.

स्वच्छ. पाण्याखालचा दगड दिसावा इतकं स्वच्छ. कुठे म्हणून खर्रर्र नाही.

मामा खुर्चीत बसला. मग उठला, कारण ती खुर्ची फिरते आणि त्याला आधीच गरगरत होतं. मधला बंद करून त्याने डावा लावला. बायका या कडव्याला थांबलेल्या, म्हणजे डावीकडे काहीच नको. तिथे ताई. उजवा लावला. ताई. मागचा डावा. ताई! मागचा उजवा. तिथेही ताई, शांतपणे गातेय, मागच्या रांगेत तिकीट काढून बसल्यासारखी.

"हे कोणत्या गाढवाने केलं?" मामा ओरडला.

कोणत्या गाढवाने केलं ते त्याच्या वहीत चिकटवलेलं होतं. प्रत्येक कार्यक्रमाला तो मिक्सरवर पांढरी चिकटपट्टी लावून कोणत्या दांडीला कोण ते लिहितो, आणि कार्यक्रम संपला की पट्टी सोलून वहीत डकवतो. त्याने दीड वर्षापूर्वीचं पान काढलं. पट्टीवर, शेवटच्या कडव्याच्या सहा दांड्यांखाली, त्याच्याच वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं: ताई, ताई, ताई, ताई, ताई, खोका.

मग सगळं आठवलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ताईने फक्त त्याला सांगितलं होतं की ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. भावजींनाही नाही, लेकीलाही नाही. आणि दुसऱ्या दिवशी तिचं कडवं आलं तेव्हा मामाने खिडकीतून त्या निळ्या शालीकडे बघत एकेक दांडी वर सरकवत नेली. मध्ये, डावीकडे, उजवीकडे, मागे, मागे. हॉलमध्ये एकही खुर्ची अशी नको की जिथे ताई पोचली नाही. सहा स्पीकर एवढ्या मोठ्या हॉलभर पसरलेले होते, तिथे ते शोभलंही. पण त्या पाचही ताया दोन स्पीकरांत कोंबल्यावर? मशीनच्या आत आवाजाच्या डोक्यावर एक छत असतं. बायका वेगवेगळ्या स्पीकरांत वाटल्या गेलेल्या, त्या वाकून आत शिरल्या. ताई मात्र पाच जणी एकीवर एक उभ्या. छताला लागलं आणि डोकं उडालं. हे सगळं शेवटच्या दांडीच्या आधीच घडतं. मग ती दांडी खाली ओढून काय होणार? डोकं उडालेल्या माणसाला हळूच बसा म्हणण्यासारखं.

मामाने दोन्ही हातांनी स्वतःचं कपाळ बडवलं. मग कामाला लागला. आता मिसळण्याच्या आधीच एकेक स्पीकर खाली आणला आणि मगच एकत्र केले. लावून बघितलं. फाटत नव्हतं! पण ताई आता नळाच्या पाइपमध्ये बसून गात होती. "आता काय?" मामा छताकडे बघून ओरडला. मागच्या रांगांसाठी त्याने मागचे स्पीकर तेव्हा जरा उशिराने बोलायला लावले होते. तोच आवाज, एकदा वेळेवर, एकदा उशिरा, एकमेकांच्या पायात पाय घालून. तेवढ्या कडव्यापुरते मागचे दोन्ही बंद केले.

आणि मग लख्ख. नऊ दिवसांनी खोलीत शब्द उमटला, "अहो..."

पण मामा तो मामा. "दिसे पल्याड किनारा"मध्ये ताईने "किना"वर श्वास घेतला होता. चोरून, टिचभर. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नसेल, आता इतकं स्वच्छ झाल्यावर मामाला ते टोचायला लागलं. रंगीत तालमीचं रेकॉर्डिंग होतंच. तिथे हीच ओळ एका श्वासात होती. त्याने तिथला "किनारा" उचलून इथे बसवला. सांधा दिसेना. स्वतःवर बेहद्द खूश होऊन तो घरी आला.

ताई ऐकायला तयार नव्हती. भाचीने तिला जवळजवळ खुर्चीत दाबून बसवलं. भावजी म्हणाले, "मूळ मुद्दा काय, एकदा ऐक."

कडवं सुरू झालं. फाटलं नाही. दुसरी ओळ, नाही. ताईचा हात गळ्याकडे गेला. भाचीचे डोळे भरले. शेवटची ओळ आली, किनारा लांबत लांबत गेला आणि मिटला. मामाने छाती फुगवून बघितलं.

ताई त्याच्याकडे रोखून बघत होती. "माझा श्वास कुठाय?"

"कसला श्वास?"

"'किना'वर मी श्वास घेतला होता. मला आठवतंय. पुरला नव्हता मला. तो कुठाय?"

"अगं, तो... मी जरा..."

"म्हणजे हेही तू बनवलंस! सगळंच बनवलंस! कुणाला गायला बसवलंस माझ्या जागी?"

"तूच आहेस गं ती! फक्त एक शब्द तालमीतला..."

"एक शब्द खोटा, तर बाकीचे खरे कशावरून?"

भाची म्हणाली, "मामा, तुझ्या तोंडाला ना, आमच्या दवाखान्यातलं ते भूल द्यायचं इंजेक्शन द्यायला हवं. आणि हातांनाही."

मामा काही बोलला नाही. हे इतकं अघटित होतं की भावजी घाबरून पाणी आणायला गेले. मामा तडक परत नाट्यगृहात गेला, बारा पायऱ्या चढला, तो सुंदर सांधा उसवला, होता तसा "किनारा" परत ठेवला आणि अर्ध्या तासात परत आला. वहीही काखेत घेऊन आला.

"ऐक," तो म्हणाला. "आणि हे बघ." पट्टीचं पान ताईच्या मांडीवर ठेवलं.

ताईने वाचलं. ताई, ताई, ताई, ताई, ताई, खोका. गाणं वाजत राहिलं. शेवटची ओळ आली. किना, मग टिचभर श्वास, आणि रा.

"हां," ताई म्हणाली. "ही मी."

परत लावायला सांगितलं. परत "किना"वर श्वास आला, आणि या वेळी तिने खुर्चीत बसल्या बसल्या तिथेच श्वास घेतला. तिसऱ्यांदाही घेतला. मग वही मिटून मामाच्या हातात दिली आणि म्हणाली, "मला सगळीकडे ठेवायला सांगितलं होतं का तुला कुणी? मध्ये एक पुरली असती."

"आता कळलं," मामा म्हणाला. हळू आवाजात. म्हणजे फक्त खालच्या मजल्यावर ऐकू गेलं.

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिथून आवाज आला. ओठ मिटलेले, कागदावर कागद घासल्यासारखं, मधेच तुटणारं, पुन्हा धरणारं. "म्म्म." मग फ्रीजवर पेन टेकल्याचा टक आवाज. आणि परत, "म्म्म."

भावजी काही बोलणार होते. भाचीने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. मामा भिंतीला कान लावून उभा होता. आवाज फार बारीक होता, जेमतेम पोचत होता. मामाचा उजवा हात आपोआप हवेत उठला, दोन बोटं पुढे, न दिसणारी दांडी वर सरकवायला.

त्याने तो हात खिशात कोंबला आणि बाहेर काढला नाही.